जो पेन

जोसेफ पेन (जन्म: १७ जानेवारी, इ.स. १९१४) हा इंग्लंडचा फुटबॉल खेळाडू होता. १३ एप्रिल १९३६ रोजी त्याने ल्युटन टाउनकडून खेळताना ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध एकाच सामन्यात १० गोल केले. इंग्लिश लीगच्या एका सामन्यात एका खेळाडूने केलेल्या सर्वाधिक गोलांचा हा विक्रम अद्याप अबाधित आहे.

प्रारंभिक जीवन

पेनचा जन्म डर्बीशायरमधील चेस्टरफील्डजवळच्या ब्रिमिंग्टन येथे झाला. हा कोळसा खाणींचा प्रदेश होता. पेननेही खाणीत काम केले व बोल्सोव्हर कोलियरीच्या संघातून तो फुटबॉल खेळू लागला. इ.स. १९३४ मध्ये ल्युटन टाउनने त्याला करारबद्ध केले. काही काळ तो बिगल्सवेड टाउनकडून खेळला. सुरुवातीला तो मधल्या फळीतील विंग-हाफ होता.

विक्रमी सामना

त्या काळी इंग्लिश लीगच्या तिसऱ्या श्रेणीचे उत्तर व दक्षिण असे दोन विभाग होते आणि प्रत्येक विभागातील केवळ विजेत्या संघास दुसऱ्या श्रेणीत बढती मिळत असे. इ.स. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम शिथिल झाल्यापासून गोलांची संख्या बरीच वाढली होती. २६ डिसेंबर १९३५ रोजी उत्तर विभागात ट्रान्मियर रोव्हर्सच्या बनी बेलने ओल्डहॅम ॲथलेटिकविरुद्ध ९ गोल करून नवा विक्रम केला. तो सामना ट्रान्मियरने १३–४ असा जिंकला. त्यात बेलने एक पेनल्टी दवडली होती.

हा विक्रम चार महिनेही टिकला नाही. इ.स. १९३६ च्या ईस्टर सोमवारी ल्युटनचे नेहमीचे आघाडीवीर दुखापतींमुळे उपलब्ध नव्हते, म्हणून पहिल्या संघातून मोजकेच सामने खेळलेल्या पेनला केनिलवर्थ रोड मैदानावर सेंटर-फॉरवर्ड म्हणून उतरवण्यात आले. मध्यंतरापर्यंत त्याचे ३ गोल झाले होते. उत्तरार्धात त्याने आणखी ७ गोल केले. त्यांपैकी एका गोलाचे श्रेय प्रथम सहकारी फ्रेड रॉबर्ट्सला देण्यात आले होते, मात्र पंचांच्या खुलाशानंतर तो पेनच्या नावावर नोंदवला गेला. ल्युटनने सामना १२–० असा जिंकला. तरीही त्या हंगामात कॉव्हेन्ट्री सिटी विजेता ठरला आणि दुसऱ्या स्थानावरील ल्युटनची बढती हुकली.

पुढील कारकीर्द

त्यानंतर पेन ल्युटनचा नियमित सेंटर-फॉरवर्ड झाला. १९३६–३७ च्या हंगामात त्याने लीगमध्ये ५५ गोल केले. संघाच्या एकूण १०३ गोलांपैकी निम्म्याहून अधिक गोल त्याचे होते. ल्युटनने दक्षिण विभागाचे विजेतेपद मिळवून दुसऱ्या श्रेणीत प्रवेश केला. २० मे १९३७ रोजी हेलसिंकी येथे फिनलंडविरुद्ध इंग्लंडने ८–० असा विजय मिळवला. त्यात पेनचे २ गोल होते. हा त्याचा एकमेव आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

मार्च १९३८ मध्ये तो पहिल्या श्रेणीतील चेल्सी संघात दाखल झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच लीग स्थगित झाली. त्या वेळी पेन २५ वर्षांचा होता. युद्धकाळातही तो चेल्सीकडून खेळत राहिला, परंतु त्या काळातील गोल लीगच्या अधिकृत आकडेवारीत धरले जात नाहीत. लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. १९४६–४७ च्या हंगामात तो वेस्ट हॅम युनायटेडकडे गेला, मात्र दुखापतींमुळे त्याची लीगमधील कारकीर्द तेथेच संपुष्टात आली.

लीगमधील कामगिरी

ल्युटन टाउन: ७२ सामने, ८३ गोल
चेल्सी: ३६ सामने, २१ गोल
वेस्ट हॅम युनायटेड: १० सामने, ६ गोल
एकूण: ११८ सामने, ११० गोल