वादसभा, मैदान आणि कच्ची बारक : अलीगढ कॉलेजातील विद्यार्थिजीवन (१८८४-१९२०)

शैक्षणिक संस्थांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा स्थापनेच्या तारखा, देणगीदार, प्राचार्यांची नामावली आणि परीक्षांचे निकाल यांवर थांबतो. वर्ग सुटल्यावर विद्यार्थी काय करीत, हा प्रश्न गौण मानला जातो. अलीगढच्या मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजापुरता तरी तो गौण मानता येणार नाही. विद्यापीठाचा दर्जा १९२० मध्ये मिळण्यापूर्वीच तेथील विद्यार्थ्यांना जे राजकीय वळण लागले, ते मुख्यतः वर्गाबाहेर लागले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सर सय्यद अहमद खान यांच्यासमोर केंब्रिजचा आदर्श होता. १८८३ मध्ये प्राचार्य म्हणून आलेले थिओडोर बेक हे तर केंब्रिज युनियनचे माजी अध्यक्षच. त्यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये वादसभा सुरू झाली. पहिल्या प्राचार्यांच्या नावावरून तिला सिडन्स युनियन क्लब म्हणत. काळा तुर्की कोट आणि लाल तुर्की टोपी घालून तरुणांनी संयमाने इंग्रजी पद्धतीचा वादविवाद करावा आणि त्यातून राज्यनिष्ठ, सुसंस्कृत पिढी तयार व्हावी, ही अपेक्षा होती.

क्रिकेटकडेही याच दृष्टीने पाहिले जाई. गंमत अशी की, तेथील क्रिकेटची सुरुवात कोणा इंग्रजाने नव्हे, तर गणिताचे अध्यापक रमाशंकर मिश्र यांनी केली होती. संस्थेचे पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद हेही हिंदू होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून सहसा निसटते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघात अलीगढचे सलामुद्दीन खान आणि शफकत हुसेन होते. त्याच संघात मराठीभाषक पालवणकर बाळू यांनी दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले.

मात्र या जीवनात सर्व विद्यार्थी समान नव्हते. वसतिगृहात 'पक्की बारक' आणि 'कच्ची बारक' असा भेद होता, आणि खोलीप्रमाणे शुल्कही बदले. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी पैसा उभा करण्याकरिता साहबजादा आफताब अहमद खान यांनी १८९० मध्ये 'अंजुमन-अल-फर्ज' स्थापन केली. तिचे विद्यार्थी सभासद सुट्टीत गावोगाव वर्गणी गोळा करीत. समाजाशी थेट संबंध जोडणारे हे काम आमच्या मते क्रिकेटपेक्षा मोलाचे होते. पण त्याचा उल्लेख फारच कमी होतो.

संगीताला शायरीच्या तुलनेत कमी वाव मिळाला. मुशायरे रंगत. विद्यार्थिदशेतच हसरत मोहानी साहित्यात रमले आणि त्यांनी १९०३ मध्ये 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक सुरू केले. आज विद्यापीठगीत म्हणून गायिली जाणारी मजाज यांची 'नज्र-ए-अलीगढ' ही रचना मात्र १९३६ ची, आणि तिला चाल लागली ती १९५५ मध्ये.

शिस्तीच्या या चौकटीला पहिला मोठा तडा फेब्रुवारी १९०७ मध्ये गेला. अलीगढच्या वार्षिक प्रदर्शनात, म्हणजे 'नुमाइश'मध्ये, एका विद्यार्थ्याची पोलीस शिपायाशी बाचाबाची झाली. त्यावरील कारवाईने प्राचार्य आर्चबोल्ड यांच्याविरुद्ध असंतोष भडकला आणि विद्यार्थ्यांनी संप पुकारला. ज्यांना एकत्र राहण्याचे, संघ म्हणून खेळण्याचे आणि सभेत बोलण्याचे शिक्षण दिले होते, त्यांनी तेच शिक्षण व्यवस्थापनाविरुद्ध वापरले.

याचे पुढचे उदाहरण अली बंधूंचे. शौकत अली कॉलेजच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते. मोहम्मद अली ऑक्सफर्डहून परतल्यावर काही वर्षे बडोदा संस्थानच्या सेवेत होते. १२ ऑक्टोबर १९२० रोजी हेच दोघे गांधीजींसह अलीगढला आले आणि ज्या युनियनमधून राज्यनिष्ठ वक्ते घडावेत अशी अपेक्षा होती, तेथेच त्यांनी विद्यार्थ्यांना असहकाराचे आवाहन केले. २९ ऑक्टोबरला अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. जुने कॉलेज १ डिसेंबरला विद्यापीठ बनले. एकाच वसतिगृहात राहिलेले मित्र त्या हिवाळ्यात दोन संस्थांमध्ये विभागले गेले.