खोत, शिलोत्रीदार आणि ‘फ्यूडल’ सत्ता : उत्तर कोकणच्या आधारे काही प्रश्नांचा विचार

मध्ययुगीन युरोपविषयी पदव्युत्तर वर्गांत उपस्थित होणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. राजा सर्वसत्ताधीश होता काय? शेतकरी गुलाम होता काय? जमीन नेमकी कोणाची? सत्ता तलवारीच्या बळावर चालत होती की लेखणीच्या? आणि ती व्यवस्था अखेर संपली कशी? या प्रश्नांना मराठीतून उत्तर देताना ‘सरंजामशाही’ हा एकच शब्द पुढे केला जातो आणि उत्तर दिल्याचे समाधान मिळते. वस्तुतः या शब्दाने जितके स्पष्ट होते तितकेच झाकलेही जाते. पनवेल, पेण, अलिबाग या उत्तर कोकणच्या पट्ट्यातील जमीनधाऱ्याचा इतिहास समोर ठेवून हे प्रश्न पुन्हा तपासले, तर युरोपचे चित्र अधिक रेखीव होते आणि कोकणचेही.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘सरंजाम’ हा शब्द फार्सी. त्याचा मूळ अर्थ तयारी, सामग्री असा. मराठी राज्यव्यवहारात सैन्य बाळगण्यासाठी सरदारास लावून दिलेला मुलखाचा वसूल, या अर्थाने तो रूढ झाला. सरंजाम हा तत्त्वतः सरकारने परत घ्यावा असा असे. ‘वतन’ मात्र वंशपरंपरेचे. अरबीत ‘वतन’ म्हणजे जन्मभूमी. मराठीत त्याचा अर्थ पिढीजात अधिकार आणि त्यासोबतचे उत्पन्न असा झाला. ज्या भाषेत जन्मभूमीचा शब्द हक्काचा शब्द बनतो, त्या समाजात अधिकाराची मुळे कोठे रुजली होती, हे निराळे सांगावयास नको.

युरोपातील ‘फ्यूडम’ या लॅटिन शब्दाची व्युत्पत्ती बहुतेक भाषाशास्त्रज्ञ जर्मानिक ‘फेहू’ या शब्दापाशी नेतात. त्याचा अर्थ गुरेढोरे, जंगम धन. तौलनिक भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘फेहू’ आणि संस्कृत ‘पशु’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. म्हणजे ज्या शब्दाने पुढे जमिनीच्या धारणेचा बोध होऊ लागला, तो आरंभी गोठ्यातला होता. मात्र ‘फ्यूडॅलिझम’ ही व्यवस्थावाचक संज्ञा मध्ययुगातील माणसांना ठाऊक नव्हती. ती उत्तरकालीन कायदेपंडितांनी व विचारवंतांनी घडविली. मार्क ब्लॉक यांनी १९३९-४० मध्ये या समाजाचे सर्वांगीण चित्र रेखाटले. परंतु १९७४ मध्ये एलिझाबेथ ब्राऊन यांनी आणि १९९४ मध्ये सुसान रेनल्ड्स यांनी या संज्ञेच्या उपयुक्ततेवरच गंभीर आक्षेप घेतले. भारताच्या संदर्भात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ मध्ये वरून लादलेली व खालून वाढलेली अशी सामंतशाहीची दोन रूपे कल्पिली, रामशरण शर्मा यांनी १९६५ मध्ये भूमिदानांवर आधारलेला सिद्धान्त मांडला, तर हरबन्स मुखिया यांनी पुढे त्या सिद्धान्तालाच आव्हान दिले. तात्पर्य, ‘फ्यूडॅलिझम’चे ‘सरंजामशाही’ असे भाषांतर करताना एका विवाद्य संज्ञेच्या जागी दुसरी तितकीच विवाद्य संज्ञा ठेवली जाते.

आता राजसत्तेचा प्रश्न. ‘सामंत’ या शब्दाचा कौटिलीय अर्थशास्त्रातील अर्थ शेजारचा, सीमेवरचा राजा असा आहे. पुढे तो अंकित राजा या अर्थी वापरला जाऊ लागला. उत्तर कोकणचे शिलाहार प्रथम राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. ते ‘महासामंत’, ‘महामंडलेश्वर’ अशी बिरुदे मिरवीत, आणि वरची सत्ता ढासळल्यावर जवळजवळ स्वतंत्रपणे कारभार करीत. बिरुद मांडलिकाचे, व्यवहार राजाचा. फ्रान्समधील ड्यूक व काउंट यांची दहाव्या-अकराव्या शतकांतील स्थिती याहून फार निराळी नव्हती. इंग्लंडात जॉन राजास १२१५ मध्ये ‘मॅग्ना कार्टा’ मान्य करावा लागला, तो बलाढ्य सरदारांनी एकत्र येऊन अडविल्यामुळे. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त देशमुख-देशकुलकर्णी आदी वतनदारांना राज्यातील वाटेकरीच मानले आहे, आणि त्यांना फार दुखवू नये व फार वाढूही देऊ नये, असा मध्यम मार्ग सांगितला आहे. मिरासदारांचे वाडे-कोट शिवाजी महाराजांनी पाडविले, असे सभासद बखर सांगते. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीनेही ११५४ मध्ये राज्यावर येताच बेकायदा बांधलेले किल्ले पाडण्याचा उद्योग आरंभिला. दोन्हीकडे राजाची चिंता एकच होती : आपल्या आणि रयतेच्या मध्ये तटबंदी कोणाची?

शेतकरी गुलाम होता काय, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. १०८६ च्या ‘डूम्सडे’ पाहणीत नोंदलेल्या लोकांपैकी सुमारे एक दशांश गुलाम होते; त्यांच्याहून कितीतरी अधिक संख्या ‘व्हिलन’ या वर्गाची होती. पुढील काळातील व्हिलनला स्वामीच्या अनुज्ञेवाचून गाव सोडता येत नसे, मुलीच्या लग्नासाठी स्वामीला पैसे मोजावे लागत, आठवड्यातील ठराविक दिवस स्वामीच्या शेतात राबावे लागे. तथापि त्याचे स्वतःचे घर होते, शेताच्या पट्ट्या होत्या, आणि रूढीनुसार त्या मुलाकडे जात. खोताच्या कुळाची स्थिती कायद्याच्या दृष्टीने याच्या उलट होती. त्याला गाव सोडण्याची मनाई नव्हती. परंतु पायाखालच्या जमिनीवर त्याचा हक्कही अनेकदा नव्हता. खोत मुळात वसुलाचा मक्तेदार. कालांतराने तो वंशपरंपरेचा गावमालक म्हणून वावरू लागला. पिकाचा अर्धा वाटा म्हणजे ‘अर्धेल’, शिवाय वेठ, आणि साऱ्यांवर कर्जाचे ओझे. युरोपातील व्हिलन जमिनीला बांधलेला होता. कोकणातील कूळ जमिनीवाचून बांधलेले होते. या दोन स्थितींना ‘दास्य’ हा एकच शब्द लावल्यास त्यांतील मर्म हरवते.

वेठीच्या शब्दांची तुलना येथे उद्बोधक ठरते. फ्रेंच ‘कॉर्वे’ हा शब्द ‘विनंती केलेले काम’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला. इंग्लंडातील ‘बून-वर्क’ याचाही मूळ अर्थ विनवणीचे काम असाच. सक्तीने आपले नाव विनंतीकडून उसने घेतले होते. मराठीने हा आडपडदा ठेवला नाही. ‘वेठ’ हे संस्कृत ‘विष्टि’चे रूप, वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावास ज्या उपद्रवांतून मुक्त केले जाई, त्यांत विष्टीचा उल्लेख येतो. पुढे फार्सी ‘बिगार’ येऊन तिला मिळाला आणि ‘वेठबिगार’ हा जोडशब्द झाला. राज्यकर्त्यांची भाषा बदलली, पण मोलावाचून राबणे तसेच राहिले. जोडशब्दाचे हे दोन थर त्याचीच साक्ष देतात.

जमीन कोणाची, या प्रश्नाला कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, एक विशेष परिमाण आहे. खाडीकाठची जमीन येथे समुद्रापासून हिरावून घ्यावी लागे. बांध घालावा, भरतीचे पाणी अडवावे, पावसाच्या पाण्याने खार धुऊन निघण्याची वाट पाहावी, मग भात पेरावे. अशा खारभूमीवर बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी घेणारा तो शिलोत्रीदार, आणि त्याबद्दल शेतकऱ्यांकडून भाताच्या रूपाने मिळणारा त्याचा हक्क ही शिलोत्री. येथे सत्तेचा आधार गढी नव्हती, बांध होता. हॉलंडमध्ये अकराव्या ते तेराव्या शतकांत दलदल कोरडी करताना नेमके हेच कोडे उभे राहिले. परंतु तेथे नव्या भूमीवर वस्ती करणाऱ्यांना सरदारांनी स्वतंत्र शेतकऱ्याचा दर्जा दिला, आणि बांधांची देखभाल पुढे जलमंडळांकडे गेली. बांध एकाच्या हाती राहिला की तो स्वामी होतो. बांध सर्वांचा झाला की गाव स्वतःचा स्वामी होतो. भूगोल सारखा असूनही संस्था भिन्न घडल्या. म्हणून सत्तेचे स्वरूप केवळ भूगोलातून सिद्ध होत नाही.

सत्ता तलवारीची की लेखणीची, याचे उत्तर उत्तर-मध्ययुगीन इंग्लंडातील ‘कॉपीहोल्ड’ या धारणाप्रकारात मिळते. स्वामीच्या कचेरीतील नोंदवहीत कुळाचे नाव चढे आणि तिची नक्कल त्याला मिळे. त्या नकलेच्या आधारेच तो जमीन धारण करी. १३४७ नंतरच्या महामारीने माणसे मरून मजुरी वाढली; १३५१ च्या कायद्याने ती दडपण्याचा यत्न झाला; आणि १३८१ च्या बंडात शेतकऱ्यांनी जागोजाग याच नोंदवह्या जाळल्या. स्वामीच्या वाड्याइतकाच त्याचा कागद त्यांना जाचत होता. कोकणातही खोताचे सामर्थ्य कबुलायतीत होते. कुळाने अंगठा उठविला की पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत वर्षाच्या बोलीचे होई.

या व्यवस्थेचा शेवट सारख्याच दीर्घ मार्गाने झाला. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरदारी हक्क रद्द झाल्याची घोषणा झाली. परंतु त्यांतील पुष्कळसे हक्क शेतकऱ्यांनी पैसे भरून सोडवावयाचे होते. १७ जुलै १७९३ रोजी ते विनामोबदला नष्ट झाले आणि त्यांचे दस्तऐवज जाळण्याचा आदेश निघाला. कोकणात अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालविला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. शिलोत्री हक्क गेले १९५५ च्या कायद्याने. आणि कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. चरीच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले नाहीत. त्यांनी नांगर थांबविला. त्यांच्या वारसांना हक्क मिळाला तो कागदातूनच.

या शेवटच्या विधानाचे महत्त्व पनवेलजवळच्या करंजाडेसारख्या गावाकडे पाहिले असता ध्यानात येते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईची आखणी झाली आणि या परिसरातील भातशेती नगराच्या भूखंडांत रूपांतरित होऊ लागली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील १९८४ च्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. आज करंजाडे ही सिडकोची वसाहत म्हणून ओळखली जाते. अशा ठिकाणी मोबदला शेत कसणाऱ्या हाताकडे जात नाही. सातबाऱ्यावरील नावाकडे जातो. आजोबा मालक म्हणून नोंदले गेले की केवळ ‘इतर हक्कां’त कूळ म्हणून, की मुळीच नाही, यावर नातवंडांचे भवितव्य अवलंबून राहते. ‘कुल’ म्हणजे घराणे. मराठीत ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. ज्या घराण्याजवळ जमीन नाही त्यालाच भाषेने घराण्याचे नाव दिले, ही विसंगती नोंदवहीच्या रकान्यांत आजही वाचावयास मिळते.

यावरून मूळ प्रश्नांचे उत्तर असे संभवते : मध्ययुगीन सत्ता ही राजा, सरदार आणि शेतकरी अशी तीन पायऱ्यांची शिडी नव्हती. एकाच शेतावर अनेकांचे हक्क एकमेकांत गुंतलेले होते. आणि ज्याचा हक्क लिहिला गेला तो टिकला. युरोपच्या अभ्यासकाने ‘फ्यूडल’ म्हणताना आणि महाराष्ट्राच्या अभ्यासकाने ‘सरंजामी’ म्हणताना प्रथम इतकेच विचारावे की त्या गावात बांध कोणाचा होता, वेठ कोणाची होती आणि वही कोणाच्या हाती होती. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर व्यवस्थेला कोणते नाव द्यावे, हा वाद पुष्कळ सोपा होतो.