वारज्याहून दक्षिणेकडे

दिवाळी सरली, थंडी पडली, की एखादे निवृत्त दांपत्य मोटारीत अंथरूण-पांघरूण, शेगडी आणि औषधांची पेटी घालून पुण्यातील वारज्यावरून जाणाऱ्या बंगळूर महामार्गाने रामेश्वराकडे निघते. परंतु प्रपंचाचा भार मुलांवर सोपवून जोडीने यात्रेस जाण्याची ही रीत मोटारीहून फार प्राचीन आहे. पेशवाईत दसऱ्यानंतर नद्यांना उतार पडला, वाटा वाळल्या, म्हणजे प्रवासाचा हंगाम सुरू होई. मग बैलगाडीत शिधा भरून, सरकारी दस्तक जपून, जकातीच्या चौक्यांवर हुज्जत घालीत (ती हौस अद्याप ओसरलेली नाही, हे टोलनाक्यावर दिसतेच) मंडळी चोरांच्या भयाने संघ करूनच मार्गस्थ होत. काशीची गंगा रामेश्वरास वाहायची आणि सेतूची वाळू प्रयागी त्रिवेणीत सोडायची, असा दुहेरी संकल्प असल्यामुळे घर दीर्घकाळ दृष्टीस पडत नसे; केवळ उत्तरेच्या यात्रेस १७३५ साली निघालेल्या, बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३६ सालीच पुण्यास परतल्या. परतण्याची शाश्वती नसल्याने सामान्य यात्रेकरू निरवानिरव करूनच उंबरा ओलांडीत. आजचे दांपत्य दूधवाल्यास आणि पेपरवाल्यास तेवढे कळवून जाते.