दऊत कुणाची?

लिहिणाऱ्याची दऊत लिहिणाऱ्याच्याच मालकीची असते, हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं होतं की त्याबद्दल कुणी वेगळं काही बोलल्याचं ऐकिवात नाही. पेशवाईतला कारकून बोरूनं मोडी लिहायचा. बोरू ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडूनच शाई घ्यायची, असं बंधन त्याच्यावर नव्हतं. काजळी, डिंक आणि पाणी घोटलं की शाई तयार. पुढे टाक आला, फाउंटन पेन आलं, तरी रीत तीच राहिली. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' या नावानं शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. आपण ज्याला 'कॅम्लिन' म्हणून ओळखतो तो हाच उद्योग. वडी विकत आणायची, पाणी आपल्या घरचं, बाटली आपल्या घरची. पेन कुठल्याही कंपनीचं असो, 'कॅमल'ची शाई त्यात चालायची. वर्गात शाई संपली तर बाकावरच्या मित्राच्या पेनातून चार थेंब उसने घेता यायचे.

आज घरोघरी छपाई, स्कॅनिंग आणि झेरॉक्स अशी तिन्ही कामं करणारं एक यंत्र आलं आहे. त्याला आपण 'ऑल-इन-वन' म्हणतो. या यंत्राची शाई मात्र उसनी मिळत नाही. बऱ्याच यंत्रांना दुसऱ्या कंपनीची शाई घातली तर ती ओळखून नाकारण्याइतकी अक्कल दिलेली असते. दऊत आपल्या टेबलावर, पण मालक दुसराच! ही उलथापालथ केव्हा झाली आणि कशी झाली, याचा थोडा मागोवा आज घेऊ या. हा इतिहास ठाऊक असला की दुकानात उभं राहून यंत्र निवडणं पुष्कळ सोपं जातं.

या गोष्टीची सुरुवात झेरॉक्सपासून करावी लागते. न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरिया भागात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी चेस्टर कार्लसन यांनी कोरड्या पुडीनं पहिली प्रत उमटवली. त्यावर अक्षरं होती ती त्या दिवसाची तारीख आणि त्या जागेचं नाव. बाजारात विकण्याजोगं यंत्र तयार व्हायला पुढे वीसेक वर्षं गेली. १९५९ साली 'झेरॉक्स ९१४' आलं. ९ बाय १४ इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत काढायचं म्हणून ते ९१४. वजन सुमारे तीनशे किलो आणि किंमत तशीच भारी. कचेऱ्या ते विकत घेईनात, म्हणून कंपनीनं ते भाड्यानं दिलं आणि त्याला एक मीटर बसवला. जितक्या प्रती, तितके पैसे. विजेच्या मीटरसारखीच गोष्ट. यंत्रापेक्षा यंत्राच्या वापरात जास्त पैसा आहे, हे छपाईच्या धंद्याला इथे उमगलं.

दुसरा धागा जपानमधला. १९७७ साली कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्डो आणि त्यांचे सहकारी काम करत होते. सोल्डरिंगची तापलेली सळई चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला टेकली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेनं आत बुडबुडा होतो आणि तो शाईला बाहेर ढकलतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्याच सुमारास अमेरिकेत एचपी कंपनीत जॉन व्हॉट हेही याच तत्त्वापाशी पोहोचले. त्यांना ते कॉफी उकळण्याच्या भांड्यावरून सुचलं, असं सांगतात. आज आपल्या टेबलावरच्या अनेक इंकजेट यंत्रांत हेच चालतं. केसाहून बारीक छिद्रामागे एक चिमुकला तापक, क्षणार्धात बुडबुडा, आणि कागदावर थेंब. थेंब केवढा? पाच पिकोलिटरचा एक थेंब धरला तर एका मिलिलिटर शाईत असे वीस कोटी थेंब बसतात.

या युक्तीत एक अडचण होती. सतत तापून ती छिद्रं खराब होत, शाई वाळून बुजत. एचपीच्या इंजिनिअरांनी त्यावर उपाय काढला तो असा, की छिद्रांचा तो तुकडा शाईच्या डबीलाच चिकटवायचा आणि शाई संपली की दोन्ही फेकून द्यायचं. १९८४ साली 'थिंकजेट' याच धर्तीवर आला, किंमत ४९५ डॉलर. त्याच वर्षी याच कंपनीचा 'लेझरजेट' निघाला, तो ३४९५ डॉलरचा. गरीब घरासाठी इंकजेट आणि श्रीमंत कचेरीसाठी लेझर, ही विभागणी तेव्हापासूनची. १९९४ साली 'ऑफिसजेट'नं छपाई, फॅक्स आणि प्रत काढणं एका पेटीत आणलं आणि ऑल-इन-वन सर्वसामान्यांच्या आटोक्यात आलं.

वाचकहो, इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. फेकून देण्याची ती डबी, म्हणजे कार्ट्रिज, मुळात ग्राहकाला लुटण्यासाठी जन्माला आली नव्हती. ती एका तांत्रिक दुखण्यावरची मलमपट्टी होती. पण एकदा यंत्र एकीकडे आणि पुन्हापुन्हा घ्यावी लागणारी डबी दुसरीकडे अशी वाटणी झाल्यावर हिशेबनिसांचं लक्ष तिकडे गेलं. स्पर्धा वाढत गेली तशा यंत्रांच्या किमती कोसळत गेल्या आणि नफ्याचं ओझं शाईवर येऊन पडलं.

या व्यवहाराला सगळे जण जिलेट यांच्या वस्तऱ्याची उपमा देतात. वस्तरा फुकटाच्या भावात द्यायचा आणि पाती विकून कमवायचं, ही जिलेट यांची चाल, असं व्यवस्थापनाच्या वर्गांत वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी हे तपासलं तेव्हा उलटंच निघालं. १९०४ ते १९२१ या पेटंटच्या काळात जिलेटचा वस्तरा पाच डॉलरना, म्हणजे चांगल्या चढ्या भावानं विकला जात होता. पेटंट संपून दुसऱ्यांचे वस्तरे बाजारात आले, तेव्हा कुठे तो स्वस्त झाला. यातला मुद्दा असा, की पाती कुणालाही बनवता येत असतील तर वस्तरा स्वस्त देऊन काही उपयोग नाही. पातं आपलंच घ्यायला लावणारं कुलूप आधी हवं.

छपाईच्या धंद्यात ते कुलूप इलेक्ट्रॉनिक चिपच्या रूपानं आलं. लेक्समार्क या अमेरिकन कंपनीनं आपल्या लेझर कार्ट्रिजवर चिप बसवली होती. तशी चिप स्टॅटिक कंट्रोल नावाच्या कंपनीनं बनवली, तेव्हा २००२ च्या अखेरीस लेक्समार्क न्यायालयात गेली. त्यासाठी कायदा वापरला तो गाणी आणि चित्रपट यांची चोरी रोखण्यासाठी केलेला! २००४ साली अपील न्यायालयात तिचा तो डाव फसला. पुढचा खटला अधिक मोठा. लेक्समार्क काही कार्ट्रिज सवलतीत देई. अट अशी, की ते एकदाच वापरायचं आणि परत करायचं तर आम्हालाच. वेस्ट व्हर्जिनियातली इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही छोटी कंपनी असे रिकामे कार्ट्रिज भरून विकायची. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, अट काहीही घातलेली असो. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी दाखला दिला तो जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचा. गाडीच्या प्रत्येक सुट्या भागाच्या कारखानदारानं विक्रीनंतरही हक्क सांगितला तर ते दुकान चालेल कसं?

निकाल ग्राहकाच्या बाजूचा, पण न्यायालयात हरलेलं कुलूप सॉफ्टवेअरमध्ये शाबूत राहिलं. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या अनेक ऑफिसजेट यंत्रांनी एकाच दिवशी दुसऱ्या कंपन्यांच्या शाईवर बहिष्कार टाकला. आदल्या दिवशीपर्यंत ती शाई निमूटपणे चालत होती. आरडाओरडा झाला, कंपनीनं दिलगिरी व्यक्त केली, ज्यांना हवा त्यांना उतारा दिला. धोरण मात्र सोडलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकानं, ग्राहकांना या बंधनांची पुरेशी कल्पना दिली नाही म्हणून, तिला एक कोटी युरो दंड ठोठावला. त्याआधी, २०१३ साली अमेरिकेत याच कंपनीची मासिक वर्गणीची शाई आली होती. पैसे शाईचे नाहीत, छापलेल्या पानांचे. वर्गणी थांबली की त्या योजनेतलं कार्ट्रिजही थांबतं, मग आत शाई असली तरी. १९५९ चा मीटर फिरून दारात आला, तो असा.

आता आपल्या बाजूच्या इतिहासाकडे वळू. तिकडे कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीनं सुटत होता. इंजेक्शनची सुई घ्यायची, कार्ट्रिजला भोक पाडायचं, शाई भरायची आणि वर चिकटपट्टी लावायची. ज्या सिरिंजनं जपानमध्ये हे तंत्र जन्माला घातलं, तीच सिरिंज इथे त्याचं कुलूप फोडत होती! काही जण त्याहून पुढे गेले. यंत्राच्या कुशीला शाईच्या चार बाटल्या टांगायच्या आणि बारीक नळ्यांनी शाई आत न्यायची. आशियातल्या कितीतरी शहरांत हा उद्योग चालला होता. एप्सनच्या यंत्रांवर तो विशेष जमे, कारण त्यांत शाई उष्णतेनं नव्हे तर विजेनं आकसणाऱ्या स्फटिकाच्या दाबानं उडते आणि छिद्रांचा तो तुकडा यंत्रातच कायम असतो. अखेर ऑक्टोबर २०१० मध्ये एप्सननं इंडोनेशियात स्वतःच टाकी बसवलेलं यंत्र बाजारात आणलं. बाटलीतून शाई ओता आणि छापा. यंत्र महाग, शाई स्वस्त. भारतात ते लवकरच आलं. अमेरिकेत पोहोचायला २०१५ उजाडलं. कॅनन, ब्रदर आणि एचपी यांनीही पाठोपाठ टाकीची यंत्रं काढली. पुढारलेल्या देशांत कायद्यानं जे पुरतं साधलं नाही, ते आशियातल्या दुकानदारांच्या सुयांनी आणि नळ्यांनी साधलं, असं मला वाटतं.

याचा आपल्या संसाराशी संबंध काय? माझी धाकटी बहीण घरी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. सरावाच्या प्रश्नपत्रिकांचे पैसे मुलांकडून घ्यायचे नाहीत, हा तिचा शिरस्ता. तिला कुणीतरी एक स्वस्त यंत्र भेट दिलं. महिन्याभरात सोबतची शाई संपली, आणि नव्या कार्ट्रिजची किंमत ऐकल्यावर शिरस्ता मोडायची वेळ आली. तिच्यासाठी मी जो हिशेब मांडला तोच इथे देतो. आकडे सोयीचे घेतले आहेत, आपण आपल्या दुकानातले घालावेत.

समजा, कार्ट्रिजचं यंत्र चार हजारांचं आहे. नऊशे रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये दीडशे पानं निघतात, म्हणजे एका पानाला सहा रुपये. टाकीचं यंत्र बारा हजारांचं आहे. चारशे रुपयांच्या काळ्या शाईत चार हजार पानं, म्हणजे एका पानाला दहा पैसे. दोन यंत्रांत फरक आठ हजारांचा आणि प्रत्येक पानामागे बचत पाच रुपये नव्वद पैशांची. सुमारे साडेतेराशे पानांनंतर महाग यंत्र स्वस्त पडू लागतं. महिन्याला शंभर पानं छापणाऱ्याला चौदा महिने लागतील. दहाच पानं छापणाऱ्याला अकरा वर्षं! अशा माणसानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं, त्यात कमीपणा नाही. माझ्या बहिणीनं टाकीचं यंत्र घेतलं आणि शिरस्ता राहिला.

हिशेब करताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या. इंकजेट कार्ट्रिजसाठी 'आयएसओ'चं २४७११ क्रमांकाचं मानक आहे. त्यात ठरावीक नमुना पानं सलग छापून मोजणी होते. घरी आपण आज दोन पानं छापतो, चार दिवसांनी तीन. दर वेळी यंत्र छिद्रं साफ करण्यात शाई खर्च करतं, म्हणून घरचा आकडा कमी येतो. दुसरी, यंत्रासोबत मिळणारं कार्ट्रिज पुष्कळदा अर्धवट भरलेलं असतं. त्यावरून अंदाज बांधू नये. तिसरी, वापराची सवय. शाईचं यंत्र आठवड्यातून एखादं पान मागतं, नाहीतर शाई वाळते. महिनोन्‌महिने यंत्र झाकून राहणार असेल आणि फक्त काळं छापायचं असेल, तर लेझर बरा. त्यातली पूड वाळत नाही. चौथी, शाईची जात. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई ओल लागली की पसरते; रंगद्रव्याच्या कणांची शाई टिकते. आपल्या मोडी दप्तरांतली काजळीची शाई आजही वाचता येते, ती त्यामुळेच. महत्त्वाचे कागद छापायचे असतील तर काळी शाई रंगद्रव्याची आहे ना, हे विचारून घ्यावं.

आणि सगळ्यांत आधी विचारावं ते हे: ही शाई संपल्यावर दुसरी कुठली चालेल? दुकानदार यंत्राची किंमत आपण न विचारता सांगतो. या प्रश्नाला मात्र तो जरा थांबतो. त्या थांबण्यातच दऊत कुणाची राहणार, याचं उत्तर असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)