न्हावाशेवा बंदरात पोहोचलेले परक्यांचे सायबर युद्ध

मांदाड खाडीतून चालणाऱ्या व्यापारावर नजर ठेवणारा गड म्हणून तळ्याच्या किल्ल्याला पूर्वी महत्त्व होते. त्याच रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा येथे जून २०१७ मध्ये बंदराचे कामकाज विस्कळीत करणारा शत्रू मात्र कोणत्याही बुरुजावरून दिसण्यासारखा नव्हता. 'नॉटपेट्या' या घातक संगणक प्रणालीने जवाहरलाल नेहरू बंदरातील 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे टर्मिनल ठप्प केले. कोणता कंटेनर कोणाचा आणि तो यार्डात कोठे ठेवला आहे, याची नोंद संगणकावरच असल्याने व्यवहार हाताने चालवण्याची वेळ आली. बंदराबाहेर अडकून पडणाऱ्या कंटेनरसाठी जागा शोधावी लागली.

वास्तविक हा हल्ला भारतावर नव्हता. २७ जून रोजी युक्रेनमधील 'मीडॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुरू झाला आणि तेथे कार्यालये असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांमार्फत जगभर पसरला. न्हावाशेवाचे हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाशी निगडित असल्याने त्याला झळ बसली. मर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर व ४५ हजार संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितली जात असली, तरी ती देऊनही माहिती परत मिळण्याची सोय नव्हती. उद्देश विध्वंसाचाच होता.

अमेरिका व ब्रिटनने फेब्रुवारी २०१८ मध्ये यासाठी रशियन लष्कराला जबाबदार धरले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने 'जीआरयू' या रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीतील सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. रशियाने आरोप फेटाळले. गंमत अशी की, प्रसारासाठी वापरलेले 'इटर्नलब्लू' हे हत्यार अमेरिकेच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून फुटले होते!

अशा लष्करी तुकड्या अन्य देशांतही आहेत. शांघायमधील चिनी लष्कराच्या ६१३९८ क्रमांकाच्या तुकडीवर 'मँडियंट' कंपनीने २०१३ मध्ये प्रकाश टाकला. इस्रायलची ८२०० तुकडी प्रसिद्धच आहे. भारताने २०१९ मध्ये संरक्षण सायबर संस्था कार्यान्वित केली.

महाराष्ट्रातील दुसरे प्रकरण अधिक वादग्रस्त आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर परिसराची वीज गेली व लोकल थांबल्या. 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय वीज यंत्रणांत चिनी हॅकर घुसल्याचा अहवाल दिला. मात्र मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झाल्याचे तिने म्हटले नाही. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घातपाताची शक्यता व्यक्त केली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. न्हावाशेवात नुकसान उघड होते आणि कर्त्यावर आरोपपत्रही दाखल झाले. मुंबईच्या अंधाराबाबत हल्ला झाला होता की नाही, यावरच केंद्र आणि राज्य यांचे एकमत झाले नाही.