फ्लश टाकीची गळती

फ्लश टाकीची गळती म्हणजे फ्लश न वापरताही टाकीतील पाणी कमोडच्या भांड्यात झिरपत राहणे होय. या गळतीचा आवाज अनेकदा येत नाही व जमिनीवर ओलही दिसत नाही. त्यामुळे ती दीर्घकाळ लक्षात येत नाही. ताशी एक लीटर पाणी झिरपल्यास वर्षाला ८,७६० लीटर पाणी वाया जाते.

कारणे

तळाच्या झडपेचा रबरी वायसर झिजतो किंवा त्यावर क्षार साचतात. अथवा तरंगगोळ्यातील बिघाडामुळे टाकीत येणारे पाणी थांबत नाही आणि जादा पाणी ओव्हरफ्लो नळीतून भांड्यात उतरते.

निदान

झाकण काढून पातळी पाहावी. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत आले असल्यास दोष तरंगगोळ्याकडील झडपेत असतो. पातळी त्याखाली असल्यास टाकीत खाण्याचा रंग मिसळून अर्धा तास फ्लश वापरू नये. रंग भांड्यात उतरल्यास तळाची झडप गळत असते.

दुरुस्ती

अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करावी. वायसर व त्याची बैठक स्वच्छ करावी. वायसर झिजला असल्यास त्याच मापाचा नवा बसवावा. पातळी नळीच्या तोंडाखाली सुमारे २.५ सेंमी राहील असा तरंगगोळा जुळवावा. शेवटी रंगाची चाचणी पुन्हा घ्यावी.