दुगाडच्या धुक्यातून वज्रेश्वरीला

भिवंडीतले यंत्रमाग रात्रभर चालूच असतात. वाडा रस्त्याला लागलीस की त्यांची खडखड मागे पडते, अनगावच्या पुढे गोदामंही विरळ होत जातात आणि बुलेटचा आवाज तेवढा उरतो. गाडी तू चालवते आहेस. तो मागे बसलाय, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून. डिसेंबरची 12 तारीख, उजाडायला अजून अवकाश आहे. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, खळ्यांवर रचलेले पेंढ्याचे भारे. त्यांच्यापलीकडे डोंगर आहेत हे माहीत आहे म्हणूनच आहेत. दिसत काहीच नाही.

दुगाड फाट्याजवळ धुकं इतकं दाटतं, की दिव्याचा उजेड चार हातांपलीकडे जात नाही. तू गाडी कडेला घेतेस, बंद करतेस.

खाली उतर. आता साल 1780 आहे.

डांबर नाही. पायाखाली दवानं भिजलेलं गवत, त्यात खुरांनी उखडलेली माती. धुकं मात्र तेच, आणि त्यात जळलेल्या दारूचा वास मुरलेला. दोन दिवस इथे लढाई पेटलेली आहे. तिकडे समुद्राजवळ इंग्रजांच्या जनरल गॉडर्डनं वसईच्या किल्ल्याला वेढा घातलाय आणि घाटावरून येणारी पेशव्यांची कुमक अडवायला कर्नल हार्टलीला इथे उभं केलंय. त्याच्यावर चालून आलेत मराठ्यांचे सेनापती रामचंद्र गणेश, वीस हजारांवर घोडदळ आणि पायदळ घेऊन. परवा त्यांनी हार्टलीवर पुढून-मागून हल्ले केले. काल तोफा लावल्या. हार्टलीनं रात्रीत दोन्ही बगलांच्या टेकड्यांवर मोर्चे बांधून घेतले.

तो तुझा हात धरतो. समोरून माणसं चाललीत, शेकड्यांनी, आणि तरी आवाज दबलेला. अरबांची तुकडी आहे, मराठी पायदळ आहे आणि हजारभर कवायती शिपाई आहेत. त्या कवायतींचा सरदार नोरोन्या, पोर्तुगीज. ज्या पोर्तुगिजांकडून मराठ्यांनी वसई घेतली, त्यांच्यातलाच एक जण 41 वर्षांनी मराठ्यांच्या बाजूनं वसईसाठी डोंगर चढतोय. आणि वर, टेकडीवर, इंग्रजांच्या बंदुका ज्यांच्या हातात आहेत ते मुंबईच्या पलटणींतले शिपाई बरेचसे ह्याच कोकणपट्टीतले. धुक्यात दोन्हीकडून दबक्या आवाजात जे बोललं जातंय त्यातलं कितीतरी तुला कळेल.

बेत सगळा धुक्यावर आहे. ते पांघरून टेकडी गाठायची आणि तोफा डागायच्या आत वर पोचायचं. रामचंद्र गणेश स्वतः पुढे आहेत. सेनापतीनं मागे थांबून हुकूम सोडायचे, तर ते चढणीवर, माणसांच्या आघाडीला.

आणि धुकं फाटतं.

हळूहळू विरत नाही, एकदम उघडतं. क्षणात सगळा उतार लख्ख दिसायला लागतो आणि उतारावरची माणसंही. वरून तोफा सुटतात. नोरोन्या जखमी होतो. रामचंद्र गणेश पडतात. सेनापती गेल्याचं कळल्यावर जी सैरभैर धावपळ होते ती तू बघत राहू नकोस. एवढंच ध्यानात ठेव, की ज्या वसईसाठी हे चाललंय ती आदल्याच दिवशी, 11 डिसेंबरला, इंग्रजांच्या हाती गेलेली आहे.

डंपरचा हॉर्न वाजतो आणि रस्ता परत येतो. उन्हं आलीत. गुमतारा डोंगराचा कडा डोक्यावर स्वच्छ दिसतोय. टपरीवाल्यानं स्टोव्ह पेटवलाय. तुम्ही दोघं चहा घेता आणि बराच वेळ काही बोलत नाही.

मला ह्या फाट्यावर नेहमी वाटतं, की इथून वज्रेश्वरीला जाणाऱ्या प्रत्येकानं पाच मिनिटं तरी थांबावं. पुढे जे देऊळ आहे ते वसई जिंकल्याचं. वसई वाचवताना माणसं पडली ती इथे. दोन्ही जागा एकाच रस्त्यावर आहेत, आणि आपण ह्या जागेवरून सुसाट निघून जातो.

आंबाडीला डावीकडे वळ. आता झाडी जवळ येते: साग, ऐन, मधूनच खैर. मोळ्या घेतलेल्या बायका रस्त्याच्या कडेनं रांगेत चालल्यात. वेग कमी कर. तानसेचं खोरं आलं. ह्या नदीचं पाणी वरच अडवून 1892 पासून मुंबईला पाजलं जातंय. खाली जी उरते ती डिसेंबरात खडकांमधून वाट काढणारी अरुंद धार.

वज्रेश्वरी. गाडी स्टँडवर लाव, हेल्मेट त्याच्याकडे दे. समोर दगडी पायऱ्या, 52, वर नगारखाना. चढताना एका पायरीवर कासव कोरलेलं दिसेल, त्याला हळदकुंकू वाहिलेलं असतं. ती पायरी ओलांडलीस की नगारखाना दिसेनासा होतो, तटही नाही. आणखी मागे आलीस तू: वसई नुकतीच सर झाली आहे, साल 1739 मागे सरतंय.

टेकडी बोडकी. गावाला अजून वडवली म्हणतात. देवीचं जुनं ठाणं उत्तरेला गुंजला होतं. ते पोर्तुगिजांनी मोडलं. परंपरा सांगते, की वसई घेणाऱ्या चिमाजी अप्पांचा तळ ह्या मुलखात पडला तेव्हा त्यांनी देवीला नवस केला: वसई दे, तुझं देऊळ बांधीन. आता तो नवस फेडला जातोय. सुभेदार शंकर केशव फडक्यांकडे काम आहे. पाथरवट काळा दगड फोडतायत, छिन्नीचा टणत्कार खोऱ्यात घुमून परत येतोय. किल्ल्यासारखं देऊळ उभं राहणार आहे, कारण जिच्या कृपेनं किल्ला मिळाला तिला किल्ल्याहून कमी काय द्यायचं?

पण दगड वाहणाऱ्यांच्या डोळ्यांत बघ. वसईच्या त्या वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसं कामी आली. बुरुजांखाली सुरुंग लावायचे, खिंडार पडलं की त्यात घुसायचं, वरून येणारा मारा सोसायचा, असं मे महिन्यापर्यंत चाललं. त्यांच्या घरांत देवळाचा हा आनंद कसा पोचला असेल? चिमाजी अप्पांनाही विजयानंतर जेमतेम दीड वर्ष मिळालं. 1740 च्या डिसेंबरात ते गेले. त्याआधी त्याच वर्षी त्यांचे भाऊ, थोरले बाजीराव पेशवेही गेले होते. देवीपुढे हात जोडताना तू काय मागतेस ते मी विचारणार नाही. तो मात्र डोळे मिटून उभा आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळतंय, की सकाळचा तो उतार त्याच्याही मनातून गेलेला नाही.

दुपारी अकलोलीला, रामेश्वराच्या देवळाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांवर. पाय सोड पाण्यात, पण बेतानं, चटका बसतो. गंधकाचा मंद वास येईल. लोक सांगतात, देवीनं मारलेल्या दैत्यांचं रक्त अजून तापलेलं आहे. भूशास्त्र सांगतं, की हा सगळा मुलूख 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो लाव्हा केव्हाच थिजला. त्याची आग आता इथे नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल झिरपतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा उन्हाळ्यांची माळच आहे. वसई पोर्तुगिजांची होती तेव्हा हे पाणी असंच गरम वर येत होतं, मराठ्यांची झाली तेव्हाही, आणि दुगाडला तोफा धडधडल्या त्या सकाळीही.

तो विचारतो, "मग वसई इंग्रजांकडेच राहिली?"

नाही, तू त्याला सांगतेस. 1782 च्या सालबाईच्या तहात ती पेशव्यांना परत मिळाली. साष्टी नाही मिळाली, वसई मिळाली. रामचंद्र गणेशांना जे तलवारीनं जमलं नाही ते दीड वर्षांनी कागदावर झालं. आणि त्यानंतर वीसच वर्षांनी, 31 डिसेंबर 1802 ला, दुसऱ्या बाजीरावानं त्याच वसईत बसून इंग्रजांशी तह केला आणि त्यांची तैनाती फौज पदरी घेतली.

पाय पुसून तुम्ही उठता. शिरसाडवरून महामार्गानं गेलं तर घर लवकर गाठता येईल. पण तो किल्ली मागून घेतो आणि गाडी आल्या वाटेला वळवतो. दुगाड गावातून गुमताऱ्यावर वाट जाते, आणि अंधार पडायला अजून तीन तास आहेत.